राखणीच्या चोवीस काठ्या

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकताना तुम्हाला वाटेल, ही बाई सगळ्या जगाला शिव्या घालते आणि स्वतः मात्र नामानिराळी. शिव्या मी सगळ्यांना घातल्या, पण पहिली स्वतःला घातली.

आमच्या घरांसमोर ओहोटीला समुद्र अर्धा मैल मागे जातो आणि चिखलाची पट्टी उघडी पडते. तिथे आम्ही बायका शिंपले काढतो. कमरेला टोपली, हातात खुरपं, पाय अनवाणी. अनवाणी अशासाठी, की चिखलातला शिंपला डोळ्याला दिसत नाही, टाचेला कळतो. टाच दाबली की खालचा जीव दचकतो आणि पाण्याची चूळ वर उडवतो. चूळ उडाली की तिथे खुरपं घालायचं. तीस वर्षं मी हेच करत आलेय.

पट्टीच्या मधोमध एक तुकडा आहे, तो कुणी खणत नाही. त्याला राखण म्हणतात. तिथे समुद्राचं गवत उगवतं, फितीसारखं लांब, आणि त्याच्या मुळांत शिंपल्यांची पिल्लं वाढतात. माशांची पिल्लं तिथेच लपतात, खेकडे कात टाकायला तिथेच येतात. सगळ्या पट्टीचं बाळंतपण त्या तुकड्यात होतं म्हणा ना. त्याच्याभोवती चोवीस काठ्या रोवलेल्या असतात, लाल टोकांच्या. काठीच्या आत पाऊल टाकायचं नाही. कुणी टाकलं, तर अख्खा हंगाम तिच्याशी कुणी बोलत नाही. माझ्या सासूबाईंनी एका टोपलीपायी सख्ख्या बहिणीशी अबोला धरला होता. बहीण रडली, भेकली, दारात येऊन बसली. सासूबाईंनी हंगामभर तोंड उघडलं नाही.

सासूबाई गेल्या आणि काठ्यांचं काम माझ्याकडे आलं, त्याला अकरा वर्षं झाली. जाताना एक वाक्य सांगून गेल्या होत्या: "वादळाला काठी द्यायची, हद्द द्यायची नाही." म्हणजे असं, की वादळात काठी मोडते तर मोडू दे. तिचा बुंधा चिखलात रुतून राहतो, त्या बुंध्यावरून हद्द सापडते. नवी काठी त्याच भोकात बसते. साधी गोष्ट. शेंबड्या पोरालाही कळेल.

पण गेल्या हिवाळ्यात मी चोवीसच्या चोवीस काठ्या नव्या केल्या होत्या. स्वतः तासल्या, टोकाला लाल रंग, बुंध्याला डांबर. तीन महिने माझ्या केसांना डांबराचा वास येत होता. आणि मग वादळाची बातमी आली. दोन दिवस आधीपासून रेडिओवर बोंब. माझं काय डोकं फिरलं होतं कोण जाणे! मनात आलं, एवढ्या देखण्या काठ्या, मोडून जातील. हातगाडी घेऊन गेले आणि एकेक काठी हलवून हलवून उपटली. घरी आणून भिंतीशी रचल्या, वर ताडपत्री टाकली, दोरीने आवळून बांधल्या.

काठ्या वाचल्या. एकीलाही ओरखडा आला नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ते माझ्यासारखीला बघूनच कुणीतरी म्हटलं असणार.

वादळ दीड दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही खाली उतरलो, तेव्हा पट्टी ओळखू येईना. वरच्या अंगाला मांडीएवढी वाळू चढली होती आणि तिच्याखाली सगळं गुदमरून मेलं होतं. शिंपले तोंड वासून पडले होते. खडकांतली डबकी, जिथे पोरं खेकडे पकडायची, ती वाळूने भरून जमिनीसारखी सपाट. उपटलेल्या गवताचे दोर वळले गेले होते, किनाऱ्यावर कमरेएवढे ढीग लागले होते, आणि त्या ढिगांत बोटाएवढी माशांची पिल्लं, वाळून कडक झालेली. तारामासे उलटे पडले होते. काहींचे पाय अजून हलत होते. आम्ही टोपल्या भरभरून त्यांना पाण्यात सोडलं. पण किती सोडणार? पाठ मोडेपर्यंत सोडले आणि मागे वळून बघितलं तर ढीग होता तेवढाच. पक्षी दोन दिवस मेलेलं खाऊन माजले, मग एकही फिरकला नाही. वास असा, की आठवडाभर घरात कुणाला घास गिळवेना.

राखण शोधायला मला पाऊण तास लागला. जिथे मी डोळे मिटून गेले असते, तिथे! खुणेचं आडवं वाढलेलं झाड उरलं नव्हतं, बर्फाच्या कारखान्याची चिमणी पडली होती, पाण्याच्या ओहोळाने जागा बदलली होती. एक जरी बुंधा चिखलात असता, तरी सरळ गेले असते. टाचा दाबत दाबत फिरले. चूळ नाही. पुढे. चूळ नाही. आणि मग उडाली. एक, मग दुसरी, मग चारपाच एकदम, पोटरीवर गार गार.

मी तिथेच बसकण मारली आणि रडले. लाज कसली? राखण जिवंत होती. अर्धं गवत उपटून गेलं होतं, पण उरलेल्या अर्ध्याने मुळं सोडली नव्हती, आणि त्या मुळांत नखाएवढी पिल्लं होती. बाकी पट्टीवर पुन्हा कधी शिंपला दिसायचा असेल, तर बी इथूनच जाणार होतं. दुसरीकडे काही शिल्लकच नव्हतं.

शहाणी असते तर त्याच दिवशी काठ्या परत रोवल्या असत्या. पण काठ्या कुठे होत्या?

माझा धाकटा दीर शेजारीच राहतो. आम्ही त्याला धाकटाच म्हणतो, आता चाळिशी आली तरी. मी लग्न होऊन आले तेव्हा तो सात वर्षांचा होता, त्याचं नाक पुसण्यापासून सगळं मी केलंय. आमचे हे मालवाहू जहाजावर, वर्षातून एकदा घरी, त्यामुळे घरातली भांडणं मला एकटीलाच भांडावी लागतात. तर वादळात धाकट्याचे पत्रे उडाले, वासे मोडले, बोटीचं इंजिन पाण्यात गेलं. मीच म्हटलं, "घे या काठ्या, तात्पुरतं छप्पर उभं कर. लाकूड मिळालं की परत दे." समुद्रात एवढ्यात कोण जातंय, असं मला वाटलं. एकदा शेण खाल्लं की माणूस थांबत नाही, दुसऱ्यांदाही खातो.

सहाव्या दिवशी मासळीच्या शेडच्या भिंतीवर कागद लागला. किनाऱ्यालगतच्या रस्त्याचा वादळाने घास घेतला होता, तिथे मोठा बांध घालणार. बांधाचा भराव समोरच्या चिखलपट्टीतून उचलणार. काम सुरू, उद्या सकाळची ओहोटी.

मी पुन्हा वाचलं. मग टोपली तिथेच टाकली आणि तशीच चिखलाच्या पायांनी किनारा खात्याच्या कचेरीत गेले.

कचेरीतही पाणी शिरलं होतं. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला तपकिरी रेघ होती. फायली दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेल्या, आणि पंख्याच्या वाऱ्याने सगळ्या फडफडत होत्या. साहेब तरुण होता. पायात नवेकोरे गमबूट, एका बुटाला कंपनीची चिठ्ठी अजून लटकत होती. बोलायला गोड. "बसा ना मावशी," म्हणाला. मी बसले नाही.

"उद्या मशीन कुठे लावताय?"

त्याने नकाशा पसरला. आमची सगळी पट्टी राखाडी रंगवली होती. राखणसुद्धा.

"हा रंग कसला?"

"जीव नसलेलं क्षेत्र."

"कुणी ठरवलं?"

"वादळानंतर ड्रोनने फोटो काढलेत. त्यावरून."

"वरून? अहो साहेब, शिंपले चिखलाच्या आत राहतात, टाचेला कळतात. छपरावर वाळत पडत नाहीत, वरून दिसायला! उंटावरून शेळ्या हाकायच्या असतील तर निदान शेळ्या कुठे आहेत ते तरी विचारा."

तो चिडला नाही. मला त्याचाच जास्त राग आला. रस्ता वाहून गेला तर मागच्या दीडशे घरांचं काय, असं त्याने विचारलं. प्रश्न खोटा नव्हता. मी म्हटलं, "रस्ता कुठे तुटला ते बघा. जिथे समोर गवत नव्हतं, तिथे तुटला. राखणीच्या मागे आमची दोन घरं आहेत, त्यांच्या पुढचा किनारा हातभरही खचला नाही. लाट त्या गवतात येऊन दमते. आणि तुम्ही तेच गवत खणून बांध घालणार. जखम मांडीला आणि मलम शेंडीला!"

मग त्याने काय केलं, दोरीवरची एक फाईल काढली. पानं चिकटली होती, ती त्याने फूटपट्टीने हळूच सोडवली. जुनी नोंद होती. त्यावर माझ्या सासूबाईंचा अंगठा. मला एकदम गलबलून आलं. साहेबाने मोठ्याने वाचलं: "चोवीस काठ्यांच्या आतील जागा राखीव. उत्खननास मनाई. हद्द म्हणजे जागेवर प्रत्यक्ष असलेल्या खुणा."

"झालं तर मग!" मी म्हटलं.

"पण मावशी, जागेवर खुणा नाहीत. मी स्वतः बघून आलो."

"मी काढल्या त्या. वादळाच्या आधी."

"का?"

आता काय सांगणार? "मोडू नयेत म्हणून," मी म्हटलं.

त्याने खाली बघितलं. हसू दाबत होता मेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण करते काय? सासूबाईंचा अंगठा समोर पडला होता.

"हे बघा," तो म्हणाला, "उद्या काम सुरू व्हायच्या वेळी खुणा जागेवर दिसल्या, तर मला थांबवता येईल. कागद माझ्या बाजूने आहे. नाही दिसल्या तर माझे हात बांधलेले आहेत. मला खूण लागते, मावशी, टाच चालत नाही." मी दारापर्यंत गेले तेव्हा त्याला वाटलं, काहीतरी बरं बोलावं. "मशीनवर तुमच्याच शेजारचा माणूस घेतलाय. जपून करेल तो."

शेजारी मला एकच आहे.

संध्याकाळी मी धाकट्याच्या स्वयंपाकघरात उभी होते. डोक्यावर माझ्याच काठ्या, लाल टोकं भिंतीच्या बाहेर आलेली, वर ठिगळांचे पत्रे. जाऊ भांडी घासत होती. ही बाई मूग गिळून बसण्यात अशी तरबेज, की पंधरा वर्षांत तिचा आवाज मी पोटभर ऐकला नव्हता. मी तिला मुगाची डाळ म्हणते. तोंडावरच म्हणते.

"राखण खणायला निघालास?" मी धाकट्याला विचारलं.

"वहिनी, पट्टी खणायला निघालोय. राखण कुठेय ते आता कुणाला माहीत?"

"तुला माहीत नाही? त्या शिंपल्यांवर वाढलास, आणि तुला माहीत नाही?"

"काठ्या कुणी काढल्या?" तो म्हणाला.

बसली सणसणीत. पण मी काय ऐकून घेणाऱ्यातली आहे? "मी काढल्या! माझी अक्कल गहाण पडली होती! म्हणून तू तिथे लोखंडी दात घालणार? दे माझ्या काठ्या."

"आणि छप्पर?"

"ताडपत्री घाल."

"इंजिन गेलंय माझं, वहिनी. बोट पाण्यात नुसती डुलतेय. दोन महिन्यांचं काम मिळालंय, ते सोडू? मशीन मी नाही चालवलं तर दुसरा चालवेल. शिंपले मरायचे ते मरणारच."

"मग दुसऱ्याला मारू दे! आईच्या राखणीत तुझाच हात कशाला?"

"आई नाहीये आता," तो ओरडला, "आणि छप्पर नसलेल्या घरात आईची काठी घेऊन मी काय करू?"

मी आणखी बरंच बोलले. ते सगळं सांगण्यासारखं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावलं तरी रक्त आपलंच. जाऊ पाठमोरी घासतच होती, एकच पातेलं, घासून घासून त्याला भोक पडायची वेळ आली होती. मी तिलाही दोन शब्द सुनावले आणि घरी येऊन पडले.

सकाळी उजाडल्यावर पहार घेऊन मी त्यांच्या दाराशी गेले. ठरवलं होतं, कुणी आडवं आलं तर बघून घेऊ. धाकटा आधीच निघून गेला होता. आणि अंगणात काय बघते? सगळी भांडी बाहेर. डबे बाहेर, कपड्यांचं बोचकं बाहेर, गाद्या गुंडाळून ओट्यावर. मुगाची डाळ स्टुलावर उभी राहून पत्र्याच्या तारा सोडत होती.

"ताई, चहा झालाय, तेवढा उतरवून घ्या," ती म्हणाली. "मग पत्रे धरा. मला एकटीला झेपत नाहीत."

मी चहा उतरवला. पत्रे उतरवले, खिळे उपटले. तासाभरात त्या घराच्या डोक्यावर नुसतं आभाळ होतं. चोवीस काठ्या हातगाडीवर चढवल्या आणि दोघी ढकलत निघालो. वाटेत मी विचारलं, "तो काय म्हणेल?"

"म्हणू दे," ती म्हणाली. "मीसुद्धा शिंपलेच काढते, ताई. तुम्हाला वाटतं, मी नुसती भांडी घासते."

पाणी बऱ्यापैकी मागे गेलं होतं. हातगाडीची चाकं रुतली तेव्हा काठ्या खांद्यावर घेतल्या. आणि समोर बघते तो पिवळं मशीन राखणीच्या कोपऱ्यावर उभं! पाण्याने भरलेले दोन मोठे खड्डे, बाजूला चिखलाचे दोन ढीग, आणि ढिगांतून हिरव्या फिती लोंबत होत्या. मशीन बंद होतं, बकेट वर अधांतरी. धाकटा खाली साखळीच्या चाकावर बसला होता. मांडीवर जेवणाचा डबा.

मी काठ्या टाकल्या आणि धावतच गेले.

"जेवतोयस? आईचं काळीज खणून झालं आणि आता जेवायला बसलास?"

त्याने डबा झाकला. "इंजिन गरम झालंय," एवढंच म्हणाला. कामावरच्या मुकादमालाही त्याने तेच सांगितलं होतं. म्हणून मुकादम रस्त्याकडे मेकॅनिक बोलवायला गेला होता. मी धाकट्याला जे बोलले ते वाऱ्याने पार किनाऱ्यापर्यंत नेलं, नंतर बायकांनी सांगितलं.

पण वेळ नव्हता. जाऊने ओरडून हाक मारली आणि आम्ही रोवायला लागलो. एका काठीपासून दुसरी तीस पावलं, ते मोजमाप मला झोपेतही येतं. सुरुवात गवतापासून केली. पहिल्या दहाअकरा काठ्यांना अडचण आली नाही, टाच दाबली की चूळ उडत होती. पुढे चुळा थांबल्या. जाऊ थबकली.

"ताई, इथे तर काहीच नाही."

"माहीत आहे."

"मग इथे कशाला लावायची?"

"हद्द जुनीच राहील," मी म्हटलं. "आतल्यांना पसरायला जागा नको? आज मेलंय म्हणून सोडून दिलं तर ते मेलेलंच राहील. रोव!"

तिने रोवली. दोन काठ्या त्या खड्ड्यांच्या काठावर आल्या. खड्ड्याच्या भिंतीत गवताची तुटलेली मुळं दिसत होती, आणि तळाच्या गढूळ पाण्यात नखाएवढ्या शिंपल्यांचा चुरा. मी बघायचं टाळलं. शेवटची काठी दाबून वर बघितलं, तेव्हा साहेब गमबुटांनी चिखल फचफचवत येत होता, मागे मुकादम.

साहेबाने चोवीस मोजल्या. नकाशा उघडला, बंद केला. मग म्हणाला, "मावशी, वाईट वाटून घेऊ नका. काल तुम्हीच म्हणालात, सगळ्या काठ्या तुम्ही वादळाआधीच काढल्या. मग आज या काठ्या जुन्या जागेवरच लागल्यात हे कशावरून? उद्या कुणी मला विचारलं, तर मी काय सांगू?"

खरं होतं ते. म्हणून तर मला त्याचं नरडं धरावंसं वाटलं.

"मी सांगते ना," जाऊ म्हणाली.

"तुम्ही घरच्याच. शिंपले काढणारं कुणीही सांगितलं तर ते तसंच सांगणार." मग त्याची नजर धाकट्याकडे गेली. "तुम्ही इथलेच ना? या काठ्या राहिल्या तर तुमचं काम जाणार. म्हणजे तुम्हाला खोटं बोलायचं काही कारण नाही. तुम्ही सांगा. हद्द हीच?"

मी डोळे मिटले. मनात म्हटलं, संपलं. ज्याचं छप्पर आम्ही सकाळीच उचकटलं आणि ज्याला मी आत्ताच सगळ्या किनाऱ्यासमोर काय काय म्हटलं, तो आता सूड उगवणार.

धाकटा उठला. खड्ड्याच्या काठावरच्या काठीपाशी गेला. तिला हात लावला नाही. पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली आणि पोटरी साहेबाकडे वळवली.

"नऊ वर्षांचा असताना या काठीच्या आत पाय टाकला होता. चेंडू आणायला. आईने काठी उपटली आणि तिनेच झोडपलं, मग परत त्याच भोकात रोवली. हा बघा, वण आहे अजून." मग त्याने काठीकडे बोट केलं. "हद्द इथूनच जाते."

साहेबाने पोटरी बघितली. मग फायलीत काहीतरी लिहिलं आणि मुकादमाला सांगितलं, मशीन मागे घ्या. मुकादमाने धाकट्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. बांधासाठी आता डोंगरातून दगड येतायत म्हणे. येऊ देत. आधीच यायला हवे होते.

ते दोघं गेल्यावर धाकट्याने जेवणाचा डबा माझ्यापुढे धरला. मी उघडला. आत समुद्राचं पाणी होतं आणि नखाएवढे शिंपले. मोजले, एकोणीस.

"चिखलात हात घालून शोधले," तो म्हणाला. "एवढेच धड निघाले. इंजिनला काही झालेलं नाही."

माझा राग जरा खाली बसत होता. तेवढ्यात तो पुढे बोलला.

"पहिली बकेट उचलली तेव्हा कळलं नाही, वहिनी. दुसरी कळली. गवत दिसलं मला. दिसलं आणि तरी उचलली."

मी हात उगारला होता. मारला नाही. एकोणीस शिंपले आम्ही तिघांनी गवताच्या मुळांशी एकेक करून लावले आणि घरी आलो. दुपारी माझ्या पडवीचे वासे मी त्याच्या छपराला काढून दिले, ते जाऊच्या हातून.

त्याच्याशी मी बोलत नाही. हंगामभर बोलणार नाही. राखणीच्या आत त्याने लोखंडाचा दात घातला, आणि नियम तो नियम. त्याने साक्ष दिली म्हणून पुसला जातो का? नाही जात. काम गमावून बसलाय, जाळी विणतोय, मला बघितलं की मान खाली घालतो. तरी बोलत नाही.

पण मग माझं काय?

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले. सगळ्या बायका टोपल्या दुरुस्त करत बसल्या होत्या, काढायला तर काही नव्हतंच. मी मधोमध उभी राहिले आणि म्हटलं, "धाकट्याने दोन बकेट उचलल्या. मी चोवीस काठ्या उपटल्या. त्या असत्या तर मशीन तिथे आलंच नसतं. आता तुमचं तुम्ही ठरवा."

कुणीतरी "जाऊ दे गं" म्हणेल, असं मला आतून वाटत होतं. खोटं कशाला बोलू? कान टवकारून वाट बघत होते मी. सगळ्यांत म्हातारी जी आहे, सासूबाईंची मैत्रीण, तिने माझ्याकडे बघितलं. मग टोपली उचलली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मग तिच्या शेजारची. मग पुढची. सगळ्यांत शेवटी आमची मुगाची डाळ. रडत होती, पण पाठ तिनेही केली.

बरोबर केलं त्यांनी. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं. पण माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ही शिक्षा म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. सकाळी दारात चहा ठेवलेला असतो, ठेवणारी निघून गेलेली असते. ओहोटीला मी एकटी खाली जाते, चोवीस काठ्यांना बाहेरून फेरी मारते, एखादी सैल झाली असेल तर ठोकते. परवा बाराव्या काठीपाशी, जिथे काही नव्हतं तिथे, टाचेखाली एक चूळ उडाली. सांगायला मागे वळले. मागे कुणी नव्हतं.

हंगाम संपायला अजून चार महिने आहेत. तुम्ही परके, तुम्हाला नियम लागू नाही. म्हणून तर हात धरून बसवलंय.